गोदीच्या हातांचा हेवा

भाद्रपद लागला आणि कुंपणाच्या गडग्यांच्या चिऱ्यांवर तेरडा उभा राहिला की माझं कामात लक्ष लागत नाही. पाऊस तोवर दमलेला असतो. एखादी सर घाईघाईनं येऊन जाते, मागून उन्हाची तिरीप येते, पुन्हा झिमझिम सुरू होते. भात पोटरीला आलेलं असतं. मिरजोळ्याच्या आमच्या वाडीत घरोघर जमिनी सारवलेल्या असतात आणि त्यांचा ओला वास दिवसभर हवेत राहतो. दुपारची भांडी आवरली की शेजारच्या घरात बायका पदर खोचून उभ्या राहतात आणि गौरीला अजून चार दिवस असले तरी फुगड्यांना सुरुवात होते. मला त्या दिसत नाहीत, फक्त पाय ऐकू येतात. सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावलं आधी सावकाश पडतात, मग त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं, आणि एक क्षण असा येतो की चार पावलांचा मिळून एकच आवाज होतो. त्या क्षणी माझ्या हातातली लेखणी थांबते.

सांगायला संकोच वाटतो. माझं वय आता चाळिशीच्या पुढे गेलं आहे, मिशीत पांढरे केस आले आहेत. पण मी एकदा एका नाचाचा हेवा केला, आणि तो इतका मनापासून केला की त्यापुढे मला भलंबुरं काही दिसेना. हेवा म्हटलं की लोकांना दुसऱ्याची कलमांची बाग आठवते, नाहीतर भावकीतल्या कुणाचं माडीचं घर. माझा हेवा दोन हातांचा होता. ते हात गोदी नावाच्या एका बाईचे होते, आणि त्या हातांत माझ्या बायकोचे हात होते. त्या भाद्रपदाला आता दहा-बारा वर्षं होतील.

माझं काम दिवाणी कोर्टात नकला करण्याचं. दुसऱ्यानं लिहिलेला कागद समोर ठेवायचा आणि जसाच्या तसा उतरवून काढायचा. पदरचा एक शब्द घालायचा नाही, त्यातला एक गाळायचा नाही. आमच्या घराण्यात सगळे नांगर धरणारे. सातवीपर्यंत शिकून कचेरीत गेलेला मी पहिला, आणि ते पहिलेपण मी फार जपत असे. गणपतीत वाडीत जाखडी होई. मुंबईच्या गिरण्यांतून आलेले माझ्याच वयाचे पुरुष पायांत चाळ बांधून ढोलकीवाल्याभोवती रिंगण धरत, गुडघ्यांत वाकत, एका पायावर गिरकी घेत आणि घामानं निथळत हसत. मी ओटीवर चार मानकऱ्यांशेजारी बसून पाहत असे. मला कुणी ये म्हणत नसे. लिहिणारा माणूस नाचायचा नाही, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं आणि मीही. पण ढोलकीवरचा हात चढला की माझ्या पायाचा अंगठा आपोआप हलू लागे, तो मी धोतराखाली दाबून धरी. हेव्याची माझी सवय तशी जुनीच म्हणायची.

बायकोचं नाव मी सुमती ठेवलं. माहेरी ती तानू. तिचं माहेर हातखंब्याच्या पुढे, बावनदीच्या अलीकडच्या उतारावर. भाताचे चार चोंढे, बैलांच्या दोन जोड्या, घरामागे बांबूचं बेट. आमच्याकडे आली तेव्हा तिचं बोलणं बेताचं होतं, हसणं त्याहून बेताचं. घरातलं सगळं ती न सांगता करी, त्यामुळे तिच्याशी बोलायचा प्रसंगच कमी येई. संध्याकाळी मी आलो की ती पाय धुवायला पाणी ठेवी, विचारलं तर उत्तर देई. मला वाटे, संसार म्हणजे असाच असतो. तिसऱ्या वर्षी मुलगा झाला. त्याच्याशी मात्र ती बोलायची. ओटीची पायरी चढताना मला आतून तिचा आवाज ऐकू यायचा, भरभर, मध्येच गुणगुणल्यासारखा. माझं पाऊल वाजलं की तो थांबायचा.

मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला. ज्येष्ठाच्या सुरुवातीला ताप आला आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याचं अंग गार पडलं. शहरातून डॉक्टर आणला होता, त्यानं करायचं ते सगळं केलं. त्या दिवसाविषयी मला याहून जास्त लिहायचं नाही.

सुमती रडली नाही. बायका तिला धरून बसल्या, तिच्यापुढे स्वतः रडल्या, मुलाची झबली तिच्या मांडीवर आणून ठेवली. तिनं त्या झबल्यांची घडी घातली आणि बायकांना प्यायला पाणी दिलं. आषाढ गेला, श्रावण गेला. ती जेवत होती, दळत होती, लावणीला चिखलात उतरत होती, आणि तिचे डोळे कोरडे होते. एकदा मी तिच्याजवळ बसून म्हटलं, काहीतरी बोल गो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय बोलू? मग मी मनाशी ठरवलं की वाट पाहायची. एक ना एक दिवस ती बोलेल, रडेल, आणि ते माझ्याजवळ बसून. मुलाचा बाप मी, तिचा नवरा मी. तो दिवस माझाच, याविषयी मला शंका नव्हती.

तिला गौरीला माहेरी ने, असं आईनंच सुचवलं. इतक्या लहान मुलाचं वर्ष पाळायचं नसतं, घरची गौर मी साधीच बसवीन, पण पोरीला चार बायकांत जाऊ दे, असं तिचं म्हणणं. मी रजा काढली. हातखंब्यापर्यंत सर्व्हिस मोटार मिळाली, पुढची वाट आम्ही चालत गेलो. ती पुढे, मी मागे. कातळावर बारीक निळी-जांभळी फुलं आली होती. एरवी बायका ती खुडून डोक्यात घालतात. ती त्यांना वळसा घालून गेली.

दुसरा दिवस गौरी जेवण्याचा. आमच्या लोकांत त्या दिवशी देवीला वडे आणि कोंबड्याची सागोती लागते. जेवणं उरकली, पुरुष ओटीवर पानं लावत बसले. बाहेर पाऊस होता, म्हणून बायकांनी माजघरातच रिंगण धरलं. दार सताड उघडं होतं. मी बसलो होतो तिथून मुखवट्याची गौर दिसत होती, तिच्यासमोर फिरणाऱ्या बायका दिसत होत्या, आणि भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सुमती दिसत होती. गाणं झालं, झिम्मा झाला. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही. म्हणायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

मग गोदी आली. ही सुमतीच्या चुलत्याची मुलगी. दोघी एकाच महिन्यात जन्मलेल्या, एकाच पाळण्यात वाढलेल्या. लग्न होऊन ती गावातल्याच दुसऱ्या वाडीत पडली होती. नवरा मुंबईला गिरणीत, वर्षाकाठी एकदा येणारा. रंगानं काळी, खांद्यांनी रुंद, आणि हात असे की कोयतीची मूठ वर्षानुवर्षं त्यांत राहिलेली. ती रिंगण ओलांडून सरळ सुमतीसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले.

“ऊठ तानू,” ती म्हणाली.

सुमती त्या हातांकडे बघत राहिली. बायकांच्या टाळ्या थांबल्या. मग तिनं आपले हात वर केले आणि गोदीनं तिला उठवून उभं केलं.

फुगडी तुम्ही पाहिली असेल. दोघींनी पायांचे चवडे एकमेकींना लावायचे, हातांची अढी घालायची, आणि मागे कलायचं. आपला भार आपल्या पायांवर ठेवायचा नाही, समोरच्या बाईच्या हातांवर टाकायचा, आणि तिचा आपण घ्यायचा. मग फिरायचं. त्यांनी सुरुवात सावकाश केली. गोदी तोंडानं फू-फू असा ताल देत होती, सुमती मुकी होती. चार फेरे झाले, दहा झाले. तिचा अंबाडा सुटला. पावलांमधलं अंतर मिटत गेलं. आणि मग तिच्या तोंडून आवाज आला. आधी मला तो तालच वाटला. पण तो ताल नव्हता, खोल विहिरीतून पोहरा वर येताना कातळाला घासत यावा तसा काहीतरी आवाज होता. मी ओटीवरून उठलो आणि दाराशी गेलो.

ती रडत होती. फिरण्याच्या वेगानं तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर न उतरता कानांकडे जात होतं. प्रत्येक फेऱ्याला ती एकच म्हणत होती, “माझा बाळ गो गोदे, माझा बाळ.” आणि गोदी तिच्या डोळ्यांत डोळे घालून, पापणी न हलवता, सगळं अंग मागे टाकून तिला फिरवत होती. थांबवत नव्हती, समजावत नव्हती. बायकांनी हळूहळू टाळ्या धरल्या. माझ्या खांद्यावर सासऱ्यांनी हात ठेवला आणि हलकेच सांगितलं की होऊ द्या, निघतंय ते निघू द्या.

मला बरं वाटायला हवं होतं. कुणालाही वाटलं असतं. तीन महिने जिच्या कोरड्या डोळ्यांची मला भीती वाटत होती ती माझ्यादेखत रडत होती, आणि माझ्या मनात काय आलं तर, ही तिची कोण? आमच्या घरातलं दुःख, ते माझ्या पायरीवरून, माझ्या अंथरुणावरून उचलून सुमतीनं इथे परक्या माजघरात आणलं आणि या कुणब्याच्या पोरीच्या हातांत ठेवलं. मीही कुणब्याचाच पोर, पण त्या वेळी मला तसंच वाटलं. सुमतीचा तो चेहरा मी लग्नानंतर कधीच पाहिला नव्हता. इतका उघडा चेहरा तिला होता हेच मला माहीत नव्हतं. तो गोदीला लहानपणापासून माहीत होता.

फुगडी थांबली तेव्हा दोघी एकमेकींना धरून तशाच उभ्या राहिल्या. मग सुमती हसली. रडून झाल्यावर माणूस हसतं तसं, दमून. माझा मुक्काम अजून तीन दिवसांचा होता. मी छत्री घेऊन रस्त्यापर्यंत फिरून आलो आणि परत येऊन सगळ्यांना सांगितलं की मिरजोळ्याकडचा एक माणूस वाटेत भेटला, आईला बरं नाही असं म्हणतो, आम्हाला उद्या सकाळीच निघावं लागेल. कुणी शंका घेतली नाही. सुमतीनं मुकाट्यानं गाठोडं बांधलं. सकाळी निघताना गोदी गडग्यापाशी उभी होती. ती माझ्याशी कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली.

“भावोजी, पुढल्या गवरीला आना हां तिला. तिचं आजून सरलं नाय.”

हेही तिलाच ठाऊक, मला वाटलं.

घरी पोचलो तेव्हा आई पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. इतक्यात कसे आलात, तिनं विचारलं. सुमती पुढे होऊन म्हणाली, तुम्हाला बरं नाही ना? माझ्या प्रकृतीला काय धाड भरली, असं आई म्हणाली, आणि मग तिची नजर माझ्याकडे गेली. आई शिकलेली नव्हती, पण माझं तोंड तिला वाचता येत होतं. घाईनं तिनं जोडलं की काल जरा डोकं दुखत होतं खरं. उशीर झाला होता. सुमतीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत लुगडं बदलायला गेली.

त्या पाहण्यात राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. त्यात काय होतं ते मला दोन वर्षं कळलं नाही.

पुढच्या भाद्रपदात तिनं माहेरचं नाव काढलं नाही. मी वाट पाहत होतो की ती विचारील, मग मी मोठ्या मनानं हो म्हणेन. ती विचारत नाही म्हणजे तिला जायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. सासऱ्यांचा निरोप आला तेव्हा रजा नाही म्हणून कळवलं. रजा होती. त्या गौरीला तिनं वडे तळले, नैवेद्य वाढला, आणि दुपारी शेजारच्या घरी बायकांत जाऊन बसली. मी कुंपणापाशी काही निमित्तानं गेलो होतो. समोर फुगड्या चालल्या होत्या. ती बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, उघडे, कुणीतरी त्यांत काहीतरी ठेवायला विसरल्यासारखे.

नकला करता करता माझ्या हाताखालून हजारो जबान्या गेल्या. माणसं शपथेवर पानंच्या पानं बोलतात आणि त्यांतलं कितीतरी झाकण्यासाठीच असतं. सवयीनं मला आता ते ओळखू येतं. नाचात झाकायला जागा नाही. गिरणीत वर्षभर साच्यापुढे उभा राहिलेला माणूस जाखडीत एक गिरकी घेतो आणि त्याचं सगळं वर्ष त्या गिरकीत दिसतं. ज्या बाईला आपलं मूल गेल्याचं वाक्य उच्चारता येत नाही, तिचे पाय ते उच्चारतात. मला दुसऱ्याचं सगळं लिहिणं उतरवून काढता येतं, पण नाचाची नक्कल काढता येत नाही. त्यासाठी स्वतः उठून उभं राहावं लागतं. मला तेच येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांच्यावर मी खार खात होतो. आत्ता शेजारी चार पाय वाजत आहेत त्यांतले दोन सुमतीचे आहेत. दुसरे दोन शेजारच्या सुनेचे. ती पोर कालपरवा लग्न होऊन आलेली, तिचा माझ्याशी काही संबंध नाही, आणि तरीही या घटकेला मला तिचा हेवा वाटतो आहे. हा आजार पुरता जाणारा नाही असं दिसतं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात एकदा पाऊस इतका झाला की कचेरी लवकर सुटली. मी भिजत घरी आलो. आई शेतावर होती. ओटीवरून मी आत डोकावलो तर सुमती माजघरात एकटी होती. मधल्या लाकडी खांबाला तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं, पायांचे चवडे त्याच्या बुंध्याला लावले होते, आणि ती मागे कलली होती. डोळे मिटलेले. ती फिरत नव्हती, काही म्हणत नव्हती. तिचा सगळा भार त्या खांबावर होता.

मी आवाज न करता ओटीवर परतलो, थोडा वेळ उभा राहिलो, आणि मग खाकरलो. ती पाणी घेऊन बाहेर आली. त्या संध्याकाळी जेवताना मी म्हटलं की यंदा गौरीला तुझ्या माहेरी जाऊ. तिनं बरं म्हटलं आणि भाताचं पातेलं आत नेलं.

आम्ही पोचलो त्या दिवशी सगळे भेटले, गोदी भेटली नाही. सासूबाईंनी सांगितलं की मागल्या वर्षी दसऱ्यानंतर बोटी सुरू झाल्या तशी ती मुंबईला गेली. नवऱ्याला गिरणीजवळ खोली मिळाली होती. आता ती गौरीला यायची नाही. पावसाळ्यात बोटी बंद, आणि घाटानं फिरून येण्याची वाट एकट्या बाईच्या सोयीची नाही. मागल्या गौरीला दुपारभर ती इथे गडग्यापाशी वाट बघत उभी होती, असंही त्या म्हणाल्या. मग तानू येत नाही म्हटल्यावर कुणाबरोबर न नाचता घरी गेली.

दोन वर्षं ज्या बाईला मी मनातून घालवत होतो ती गेली होती. मला आनंद झाला नाही. सुमतीनं ते ऐकून घेतलं आणि चुलीपुढे जाऊन बसली. दुपारी बायकांनी रिंगण धरलं तेव्हा ती त्यांच्याबरोबर फिरली, गाण्याला झील धरली. फुगड्या सुरू झाल्यावर ती भिंतीकडे सरली. एका भाचीनं हात पुढे केले. तिनं त्या पोरीच्या हातांवर हलकेच थोपटलं आणि मान हलवली. मी ओटीवर होतो, आणि या वेळी मला वाटत होतं की कुणीतरी यावं, कुणीही, आणि हिला उठवावं.

परत निघालो तेव्हा पाऊस उघडला होता. चढण चढून आम्ही सड्यावर आलो. मैलभर सपाट काळा कातळ, मध्ये मध्ये पाणी साचलेलं, दूरवर तीन-चार म्हशी, माणूस एकही नाही. मी मागून चालत होतो. तिचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं असेल.

“त्या वर्षी आई आजारी नव्हती,” मी म्हटलं.

“ठाव हाय.”

“मी तसं का केलं, ते ठाऊक आहे?”

ती चालतच राहिली. दहा-वीस पावलं गेल्यावर म्हणाली, “मूल जाऊन तीन म्हयने झाले नि मी नाचले. तुमाला लाज वाटली माझी. ही कसली आई, असं वाटलं.”

मी जागच्या जागी थांबलो. म्हणजे त्या पाहण्यात हे होतं. दोन वर्षं ती माझ्या घरात राहत होती, मला वाढत होती, माझे पाय धुवायला पाणी ठेवत होती, आणि नवऱ्यानं आपल्याला आई म्हणून नापास केलं आहे असं धरून चालली होती. म्हणून तिनं दुसऱ्या वर्षी विचारलं नाही. म्हणून ती खांबाला धरत होती.

“लाज नाही गो,” मी म्हटलं. “हेवा वाटला मला. मी तीन महिने तुझ्यापाशी बसून होतो आणि तू रडलीस ती गोदीपाशी. मला तिच्या हातांचा हेवा वाटला.”

ती वळली. डोक्यावरचं गाठोडं तिनं काढून कातळावर ठेवलं. ती रागावली होती, इतकी की तिला धड शब्द सुचेनात. तवाच का नाय सांगितलंत, एवढंच ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली की गोदीला आपण त्या सकाळी शेवटचं बघितलं, गडग्यापाशी. ती पाणी साचलेल्या खळग्याकडे बघत उभी राहिली. म्हशी चरत चरत पुढे गेल्या. मग तिनं माझ्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पुढे धरले.

“धरा,” ती म्हणाली.

मी चारी बाजूंना पाहिलं. अंगात कोट, पायांत वहाणा, कोर्टातला माणूस. वहाणा काढल्या. कातळ ओला आणि गार होता. तिनं माझ्या हातांची अढी घातली, चवडे चवड्यांना लावले. पहिल्या फेऱ्यालाच मी अडखळलो. दुसऱ्यांदा तिला जवळजवळ पाडलं. मी तिला ओढत होतो आणि पाय रोवून उभा होतो. माझ्या अंगाला तेवढंच येत होतं.

“वडू नका,” ती म्हणाली. “भार टाका. मी धरलंय.”

तिसऱ्या खेपेला मी टाकला. मागे पडतो आहे असं वाटलं, आणि पडलो नाही. मग फिरू लागलो. सडा गेला, म्हशी गेल्या, आभाळाची नुसती पांढरी रेघ झाली. तेवढ्या सगळ्या फिरत्या पसाऱ्यात एकच वस्तू स्थिर होती, तिचा चेहरा. गोदी जिथून बघत होती तिथून मी तो बघत होतो. उघडा, ओला, माझ्यापासून हातभर अंतरावर. कुणीतरी हुंदके देत होतं. ती रडते आहे असं मला आधी वाटलं. पण तिचे ओठ मिटलेले होते. रडत होतो मी. मुलगा गेल्यापासून मी रडलो नव्हतो, हे तोपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

आम्ही कातळावर बसलो. डोकं गरगरत होतं. ती बोलू लागली, आणि ओटीवरून मला ऐकू यायचा तोच तो भरभर आवाज होता. मुलगा झोपताना तिचं बोट कसं धरायचा, दळताना जात्याच्या आवाजाला कसा हुंकार द्यायचा, तापातसुद्धा तिला बघून कशी मान वळवायचा. मी ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता मला पुन्हा हेवा वाटला. या वेळी तिचाच. ते अकरा महिने सगळे तिच्या वाट्याला आले होते. मी सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो, तोवर तो पेंगुळलेला असायचा. पण या वेळी मी ते मनात ठेवलं नाही. तिला सांगितलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“इचारा मंग,” ती म्हणाली. “काय हवं ता इचारा.”

इतकं सगळं समोर असताना काय विचारावं ते मला कळेना. तो कशाला हसायचा, असं मी विचारलं.

“तुमच्या टोपीला. तुमी कचेरीत गेलात की दिसभर त्या मोकळ्या खुंटीकडं बगायचा. सांजची टोपी खुंटीला लागली की हसायचा. तुमाला सांगनार होते मी. पन वाटलं, तुमाला पोरकट वाटंल.”

त्या दिवशी हातखंब्याची मोटार चुकली. घरापर्यंतची सगळी वाट आम्ही चालत गेलो, आणि मी विचारत राहिलो.